चोवीस बिट, सहा वर्षं

क्यूमी नदीकाठच्या कागद गिरणीत
पाच नंबरच्या मशीनपाशी अडतीस वर्षं उभा होतो.
गिरणी बंद पडली;
माझ्या कानांतली अजून तीन पाळ्यांत चालू आहे.

डॉक्टरणीने आलेख दाखवला:
चार हजार हर्ट्झपर्यंत सपाटी,
मग एकदम कडा.
"खाली काय आहे?" मी विचारलं.
"पक्षी, बहुतेक," ती म्हणाली.

तरी पेन्शनीतून हा स्ट्रीमर घेतला.
काळा, चपटा, चहाच्या ट्रेएवढा.
पुढे निळे आकडे: चोवीस बिट,
एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ.
मी थांबतो तिथून तो जिने चढत जातो,
एकटाच.
कानामागून आला आणि तिखट झाला.
शेजारचा आर्मास म्हणतो,
आंधळ्याने आरसा घ्यावा तसं हे.

दोन स्पीकर, मध्ये खुर्ची.
तिच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा;
झाडूसुद्धा वळसा घालतो.
रोज रात्री एकच: एकोणीसशे एकसष्टचा टँगो,
मूळ टेपवरून नव्याने उतरवलेला.
अकॉर्डियनचा भाता उघडतो, आणि मागे
कशी धुतलेली शांतता!
म्हटलं, पैसे मोजले ते हिच्यासाठीच.

रविवारी हेल्का आली, लेकीची लेक.
खुर्चीत बसवली. पाय जमिनीला पोचेनात.
"उक्की, आत कोणीतरी मासे तळतंय."

स्पीकरला कान लावला.
काही नाही. धुतलेली शांतता.
"थांबलं का?"
"नाही. तळतायत अजून. बारीक मासे."

टेपची चरचर ती. मला कळलं.
साठ वर्षांपूर्वीची, कणही न सांडता
या प्रामाणिक यंत्राने घरात आणलेली,
आणि रोज रात्री
माझ्या कानाशी येऊन परत गेलेली.

तिला सांगणार होतो: फीत, चुंबक, लोखंडाची धूळ.
पण ती डोळे मिटून पुढे गेली होती.
कोणीतरी पान उलटलं, म्हणाली.
वाजवणाऱ्याचं नाक चोंदलंय, म्हणाली.
भूक लागली, म्हणाली.

स्वयंपाकघरात जाऊन तव्यात लोणी टाकलं,
राईच्या पिठात घोळवलेले मुइक्कू सोडले.
तडतड मला दांड्यातून हाताला कळत होती.
दार उघडंच ठेवलं.

"आता?" मी ओरडलो.

"आता दोन ठिकाणी!"