कारकुनानं लिहिलं नाही

एकतीस वर्षं मी लायडनच्या एका गल्लीत राहिले.
बिऱ्हाड वडगावातच,
जिथं मागाचा खटखटाट थांबला
की झोपलेली पोरं दचकून जागी व्हायची.

प्रत्यक्ष गेले एकदाच, अकरा दिवस.
बाकी सगळं जिन्याखालच्या खोलीत,
मायक्रोफिल्मच्या पिवळट उजेडात.
हुलगेप्पा शिपाई चहा ठेवत विचारायचा,
"मॅडम, आज कोण मेलं?"
कुणी नाही रे. पाव वजनात कमी भरला
म्हणून एकाला दंड झालाय.
"खडेबाजारात बी चालू करा की ते."

पंधराशे ब्याण्णव. विहिरीवर दोन बायका भांडल्या.
एक गावची.
दुसरी लढाईला भिऊन दक्षिणेतून आलेली विणकरीण,
नाव पेरोन, नवरा नाही, पोरं दोन.
गावचीच्या शिव्या कारकुनानं जशाच्या तशा उतरवल्या
(माझ्या प्रबंधातून त्या गाइडनी गाळायला लावल्या).
पेरोनच्या उत्तरापाशी एकच ओळ:
'ती तिच्या भाषेत काही बोलली.'

काही.
त्या 'काही'वर माझी पीएच.डी.,
दोन पुस्तकं, एक चष्मा, मग दुसरा.

आई धागे मोजायची कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि तुटला की शिवी मराठीत.
शिरगणतीचा माणूस उंबऱ्यात उभा,
वहीत चौकट एकच.
"मातृभाषा?"
"कुणाची? माझी, का माझ्या आईची?"
त्यानं काय लिहिलं ते आम्ही बघितलं नाही.
बाहेर त्या आठवड्यात पाट्यांना डांबर फासत होते,
आधी एका लिपीतल्या, मग दुसऱ्या.

निवृत्तीला शाल मिळाली.
भाषणं चालू होती, आणि पहिल्या रांगेत आई
शालीची उलटी बाजू नखानं खरवडत होती.
"पावरलूम," म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

परत येताना रिक्षात विचारलं तिनं,
"इतकी वर्षं वाचालीस. ती काय म्हणाली, घावलं?"
नाही, म्हटलं.
मग तीच काही बोलली, अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं.
नेमका गेटाजवळ रेल्वेचा भोंगा.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता विचारलं,
काय म्हणालीस गं मघाशी?

"कवा?"