हिरवा तागा

आमचा गज एका टोकाला झिजलाय.
मीटरमागे सूतभर कमी भरतो,
म्हणून कापताना मी चार बोटं जास्त सोडते.
सासऱ्यांपासूनची रीत. रविवार पेठेत
त्या चार बोटांवरच दुकान टिकलंय.

नागझरीच्या अलीकडे देवी, पलीकडे पीर.
मध्ये पाणी कमी, पिशव्या जास्त.
देवीच्या अनसूयाबाई गुरव सोमवारी येतात,
कट्ट्याला धरून, एकेक पायरी मोजत.
पिराचे बाबामियाँ मुजावर बुधवारी,
म्हणजे गुरुवारी चादर चढेल.
दोघांना हिरवाच लागतो,
आणि माझ्याकडे हिरव्याचा तागा एकच.
एकीला काठाला जर हवी,
दुसऱ्याला किनारीला गोटा.
ते पुढे शिंप्याकडचं काम.
कापड इथून जातं तेव्हा नुसतं कापड असतं.

ससूनमध्ये वैजू तापाने फणफणत होती,
सतरा दिवस.
देवीला लुगडं बोलले पहिल्याच आठवड्यात.
सतराव्या रात्री धीर सुटला,
तेव्हा पूल ओलांडून चादरही बोलले,
जाळीला दोरा बांधताना बोटं थरथरत होती.
आणि दोघांनाही बजावलं,
हे त्या तिकडे कळू देऊ नका.
लाज वाटत होती हो.
एकच माल दोन पेढ्यांवर मागवल्यासारखी.

सकाळी पोरगी उठून बसली,
म्हणाली, चहात बुडवून खारी पाहिजे.

आता रोजमेळात कुणाच्या नावावर मांडू?
अनसूयाबाईंना न राहवून सांगितलं.
त्या वाती वळत होत्या.
"अगं, तिनंच धाडलं असेल तुला पलीकडे.
तिला तरी एकटीला किती उरकणार?"
बाबामियाँनी तर ऐकूनच घेतलं नाही.
"चादर आणा," म्हणाले,
"हिशेब त्यांचा त्यांना करू द्या."

मग ते एक वर्ष.
पेठेत चार दिवस शटर खाली, चौकात पोलिसांची गाडी,
दूधवाला सुद्धा हळू आवाजात हाक मारायचा.
मागच्या दाराशी दोघं एकाच वेळी येऊन उभे,
एकमेकांकडे न बघता.
ताग्यावर उरलेलं साडेअकरा मीटर.
हवं होतं तेरा.
त्या दिवशी चार बोटं सोडता आली नाहीत.
देवीच्या निऱ्या मागून आखूड पडल्या,
समोरून कुणाला दिसलं नाही.
पिराचे पाय वीतभर उघडे राहिले.
"उन्हाळा आहे," बाबामियाँ म्हणाले,
"त्यांना बरंच वाटेल."
अनसूयाबाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन,
पण हसल्या.

आता त्यांचा नातू येतो, मोटरसायकल चालूच ठेवून.
हिरवा नको म्हणतो, दुसरं दाखवा.
का, ते सांगत नाही, मी विचारत नाही.
पलीकडेही कुणी तरुण पोरं बसतात,
चादर चढवणंच चूक, असं समजावतात.
बाबामियाँ त्यांना चहा पाजतात
आणि बुधवारी येतात.
गेल्या दोन बुधवारी आले नाहीत.

मी दरवर्षी दोन्हीकडे नेते.
एक नवस फिटला, एक उरलाय,
कोणता, ते आता आठवत नाही.
वैजू म्हणते, आई, व्याज फार झालं.

तागा खिडकीशी आहे.
वरची घडी उन्हानं पिवळी पडलीये.
ती कुणाला देता येत नाही,
कापून टाकवतही नाही.
तिच्या टोकानं रोज सकाळी
मी गज पुसते.