कापूस नाही

कंबर तलावाच्या काठी, बाकाखाली
मल्लेशममामा थोटकं वेचतात.
चाळीस वर्षं मागावर गेलेली बोटं,
जे सापडेल ते उसवून बघतात.

एक सोललं. आतला पिवळट पुंजका
चिमटीत धरून पीळ दिला, ओढला,
नखानं पिंजला.
"कापूस नाही बे हे.
कापूस असता तर एव्हाना माती झाला असता."

पलीकडं जलपर्णीत एक पाणकोंबडी
चोचीत तसलंच काही घेऊन घरट्याकडं.
आडवा, उभा. तिची वीण
मामा बराच वेळ बघत राहिले.

घरी नरसव्वामामी सुपाशी बसलेली असेल,
हजार विड्यांचा हिशोब अजून पुरा व्हायचा.
पान कुजतं, दोराही कुजतो.
भिजवणाचं काळं पाणी मोरीतून नाल्यात जातं,
धूळ मात्र
तिच्या खोकल्यात राहते.
त्याबद्दल मामा बोलत नाहीत.

माझा हात खिशातल्या पाकिटावर.
त्यांनी पाहिलं.
रागावले नाहीत, फक्त तो पुंजका
माझ्या तळहातावर ठेवला.

"ठेव जपून.
तुझ्या नातवाला दाखव,
असाच असेल."

वजनच नव्हतं त्याला.
मूठ मिटता येईना.