सातवा रकाना

आचारसंहिता लागली की ठाण्यात शस्त्रं जमा होतात.
धानाचे मिलवाले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार,
डुग्गीपारचा एक निवृत्त रेंजर,
कुणी कापडी पिशवीतून आणतो, कुणी टिफिनातून,
एकानं तर दुपट्ट्यात गुंडाळून आणलं.
टेबलावर ठेवतात, पावती मागतात
काट्यावर धान घातल्यासारखी.

आज एकाच बोअरची दोन आली. बत्तीस.

एक टेकचंद रहांगडालेचं,
बापाच्या परवान्यावरून त्याच्या परवान्यावर चढलेलं.
दुसरं लीलाधर ठेकेदाराचं,
पोळ्यानंतर घेतलेलं, खोक्यासकट.

मॅगझिन काढलं. स्लाइड ओढून
चेंबरात करंगळी घालून पाहिली. रिकामं.
दोन्ही रिकामी.

खरं तर काम इथंच संपतं.
पण मी मूळचा आयटीआयचा फिटर,
हवालदार नंतर झालो.

जुन्याची स्लाइड सोडली तर
पाखडलेल्या धानात हात शिरावा तशी गेली.
एकही कोपरा बोचत नाही.
कुणीतरी आधी कानशीनं, मग एमरीनं,
मग बहुतेक स्वतःच्या पँटीवर घासून
प्रत्येक धार मोडली आहे.
पिकल्या जांभळाची निळाई अंगावर,
हात लागतो तिथं झडून राखाडी.
स्लाइडवर ४१७. फ्रेमवर ४१७. बॅरलवर,
आतल्या घोड्यावरसुद्धा, भिंगाशिवाय न दिसणारा ४१७.
सगळे एका घरचे.
यातलं एक माणूस गेलं
तर दुसरीकडून सोयरीक जमत नाही.

नव्यावर कटरच्या रेघा तशाच,
वखर फिरलेल्या वावरासारख्या;
पुसायला कुणी थांबलेलं नाही.
खालचं अंग प्लास्टिकचं, कडेला साच्याची शिवण,
मिठाच्या बरणीला असते तशी.
हलवलं की खुळखुळतं.

साकोलीला हेमणे गुरुजी
आमचा जोडलेला पीस खिडकीकडे धरायचे.
सांध्यातून उजेड आला
की पीस खिडकीबाहेर, बेशरमच्या झुडपात.
‘ऊन दिसते बापा तुह्या कामातून.’
चार महिने मी उन्हाशी भांडलो.
पाचव्या महिन्यात अंधार पडला सांध्यात
आणि गुरुजी काहीच बोलले नाहीत,
फक्त पीस खिशात घातला.

म्हणून मी टेकचंदला म्हटलं, काय वस्तू आहे राव.
तो हसला. ‘बाबूजीनं एकदाच चालवली जी.
मिलच्या मागं डुकर आला होता.
पह्यली गोळी गेली, दुसरी अडकली.
कोंडा घुसला होता अंदर.’
मग?
‘मग काय जी. डुकर इकडं पराला, बाबूजी तिकडं.’

लीलाधर म्हणाला, ‘माहं तं बांधीतल्या चिखलात पडलं होतं.
हापशीखाली धुतलं. चाललं.’
कशावर चाललं, मी विचारलं.
तो पंख्याकडे पाहत राहिला.

ज्या फटीसाठी पीस झुडपात जायचा
ती फट इथं कुणीतरी मोजून ठेवली आहे.
तिच्यात कोंडा मावतो, चिखल मावतो,
उद्याचा सुटा भागही मावतो, कुठल्याही खोक्यातला.
गुरुजी असते तर हे त्यांना
कुठल्या तोंडानं सांगितलं असतं कोण जाणे.
आणि ज्यानं ४१७ला धार मोडून दिली
त्याला कोंडा माहीत नव्हता.
त्याच्या गावी धान नसेल.

रजिस्टरला सात रकाने.
नाव, गाव, परवाना, बोअर, नंबर, काडतुसं.
सातवा, स्थिती.
एकात लिहिलं : चालू.
पेन थांबलं थोडं.
दुसऱ्यातही लिहिलं : चालू.
कापडी चिठ्ठ्या बांधल्या, लाखेचा ठसा दिला,
दोघांना पावत्या दिल्या.

रात्री मालखान्याला कुलूप घातलं
आणि सवयीनं ओढून पाहिलं.
सरकारी खरेदीचं, नवं आहे.
खुळखुळतं.
लागतं.