सहाशे बाय चारशे

भुसावळच्या एका प्रसूतिगृहाचं ते माझं पहिलं ड्रॉइंग.
सही नेहते सरांची, रेषा माझ्या.
बाहेरचं तापमान लिहिलं होतं: पस्तीस.
कुठल्याशा तक्त्यातून उचललेलं.
तक्ता कुठल्या गावचा, ते विचारलं नव्हतं.

सरांनी पस्तीसभोवती पेन्सिलीनं गोल काढला,
बोलले काहीच नाहीत.
साइटवर धाडलं. मे महिना, दुपारचे दोन.

गफूर तडवी टाकीच्या सावलीत उकिडवा,
डोक्यावर ओला रुमाल, कमरेला टेस्टर.
म्हणाला, स्लॅबवर हात ठेव.
ठेवला. उचलला.
"कागदाले ऊन लागत नही वं पोरी."

रात्री दहाला पुन्हा नेलं त्यानं.
हवा जरा उतरलेली, तारे वगैरे,
आणि स्लॅब भाकरी उतरवलेल्या तव्यासारखा,
विस्तव विझला तरी धरून बसलेला.
तेव्हा कळलं: दुपारी दोनचं ऊन
खालच्या खाटांवर रात्री दहाला पोचतं.
परीक्षेत मला याच प्रश्नाला
दहापैकी नऊ मिळाले होते.

मग डक्ट.
सहाशे बाय चारशे, निळ्या रेघेत देखणा,
वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.
मधे बीम होता.
तो स्ट्रक्चरवाल्यांच्या ड्रॉइंगमध्ये होता,
माझ्या मेलमध्ये, न उघडलेला.
बीम हलत नाही. बाकी सगळ्यांनी हलायचं.
म्हणून आठशे बाय तीनशे केला.
क्षेत्रफळ तेच.
पण हवेला ते तेच वाटत नाही,
चपट्या वाटेनं ती अंग घासत जाते,
पंख्याला जास्त रेटावं लागतं,
आणि त्या रेट्याचं बिल दर महिन्याला
कुणीतरी भरत राहतं, मला न ओळखता.

विजेचा भार काढताना शिकवतात
की सगळे एकाच वेळी बटण दाबत नाहीत.
बेरजेला शून्य पॉइंट सहानं गुणा, केबल बारीक होते,
मालक खूश.
सरांनी तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं:
"मे महिन्यात, भुसावळात,
कोण बटण दाबायचं थांबतं, त्याचं नाव सांग."
मी सहा खोडून एक लिहिला.

लेबर रूमचा दिवा मात्र वेगळ्या तारेवर.
लाइट गेली की जनरेटर उठायला दहा सेकंद घेतो.
दहा सेकंद म्हणजे काय, हे मी
घड्याळ लावून, डोळे मिटून, ऑफिसात मोजलं.
सातव्यालाच उघडले.

अर्थिंग कागदावर म्हणजे आडव्या तीन रेघा,
एकीखाली एक, आखूड होत जाणाऱ्या.
जमिनीवर म्हणजे खड्डा, कोळसा, मीठ,
आणि तापीकाठची काळी माती,
जी उन्हाळ्यात बोट जाईल इतकी फाटते.
गफूर आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी
पिटमध्ये ओततो, झाकण लावतो.
"जमीनले बी तहान लागते."
हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये नाही.
मी लिहून टाकलं: दर आठवड्याला दोन बादल्या.
कोण टाकणार, तो रकाना रिकामाच राहिला.

उद्घाटन झालं. फीत, पेढे,
फलकावर आर्किटेक्टचं नाव.
आम्ही फॉल्स सीलिंगच्या वर होतो,
म्हणजे आमचं सगळं काम.

महिन्याभरानं सहज डोकावले.
खाट क्रमांक चार. चार दिवसांचं बाळ,
आणि शेजारी स्टुलावर चढलेली त्याची आत्या
वरच्या ग्रिलमध्ये टॉवेल कोंबत होती, दाबून, नीट.
"थेट लेकराच्या टाळूवर येते हो हवा.
कोणी बसवलं हे असं, काय माहीत."

मी स्टूल धरून उभी राहिले
ती उतरेपर्यंत.
मग वही काढली:
खाट चार. झोताची दिशा. बदलणे.