ठाव

बाबा खाडीत बांबू सोडायचे.
टोचायचे नाहीत, सोडायचे.
"तलाशी भांडाचा नाय," म्हणायचे,
"चिखलच सांगतं कवा थांबाचा."
दिवाळ्याच्या जेटीवर मी, सात वर्षांची,
बांबूवर ओल कुठवर आली ते बोटांनी मोजणारी.

पुढे नेरूळला, मूत्ररोगाच्या थिएटरमध्ये
हिरव्या कापडावर एकोणीस वर्षं मांडत आले
स्टीलच्या, वाकड्या मानेच्या सळया,
प्रत्येकीच्या अंगावर आकडा.
यांचाही धंदा ठाव घेण्याचाच,
हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
कुणाला सांगितलं नव्हतं.

रात्री दोनला आलेला एक माणूस आठवतो.
पेनची रिफील.
तीन दिवस अंगात ताप घेऊन
ऐरोलीहून घणसोलीला कामावर जात होता,
बायकोला म्हणाला होता, मुतखडा.
वॉर्डबॉय हसला. मीही हसले,
मास्कच्या आत, थोडीशी.
ते हसू अजून धुऊन निघालेलं नाही.

म्हणून विश्रामने विचारलं तेव्हा,
सेहेचाळिसाव्या वर्षी, मटार सोलताना,
माझ्याकडे न बघता,
"तुमच्याकडे त्या सळया असतात ना,
त्या नुसत्याच... म्हणजे आजार नसताना..."
तेव्हा मी शेंग खाली ठेवली.
कधीपासून मनात आहे?
म्हणाला, लग्नाच्या आधीपासून.

तुर्भ्याला लेथवर असतो तो.
स्टीलची भाषा त्याच्या अंगठ्याला कळते.
"मीच काढतो की एक, आरशासारखी."
नको. तुझ्या अंगठ्याला न लागणारा ओरखडा
आत सुरी होतो.
थिएटरमधून मी काही आणणार नाही.
विकत घेऊ, याच कामासाठी केलेली,
बुडाशी रुंद, हरवणार नाही अशी.
आणि बारीक म्हणजे सोपी, असं नसतं;
फार बारीक टोचते.
खोबरेल नाही. सीलबंद जेली, उरलेली फेकायची.
वाफवायला वेगळा कुकर
(इडलीचा नाही, विश्राम).
जळजळ असेल त्या आठवड्यात नाव काढायचं नाही.
रक्त दिसलं तर थांबायचं,
ताप आला तर लाज घरी ठेवून दवाखान्यात,
आणि तिथे खरं सांगायचं.
एवढं करूनही, म्हटलं, धोका शून्य होत नाही.
तो म्हणाला, लेथवरही होत नाही.

रविवार. शेजारच्यांचा मिक्सर चालू.
मी हातमोजे चढवले, तो म्हणाला, "सिस्टर",
आणि दोघंही इतके हसलो
की सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं.

मग मी ढकललं काहीच नाही.
धरून राहिले. तिचं वजन तिचं तिलाच ठाऊक.
बोलत राहा, म्हटलं.
"थंड."
"हं."
"थांब."
थांबले.
"थांब" म्हटल्यावर खरंच थांबतात
हे त्याला नवीन असावं; त्याच्या खांद्यावरून कळलं.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"जॉब बरोबर सेंटरला लागला
की मशीनचा आवाज बदलतो ना,
तसं काहीतरी."
यापेक्षा जास्त त्याला सांगता आलं नाही.
मीही विचारलं नाही.

मला काय मिळालं?
एकोणीस वर्षं झोपवलेली माणसं पाहिली.
टेबलावर कुणी कधी उत्तर देत नाही.
हा जागा होता.
माझ्या हाताला पहिल्यांदा
समोरून कुणी बोललं.

नंतर दोन तांबे पाणी पाजलं,
लघवीला पाठवलं, दाराबाहेर उभी राहिले.
"जळजळतंय?"
"थोडंसं."
"रंग?"
"नेहमीचाच गं. जा आता."
मी गेले नाही. कान लावून तशीच उभी,
बाबा बांबू वर ओढून
त्याच्यावरची ओल बघत राहायचे
तशी.