हजर

कागद पन्नासच्या आधीचा हवा,
खिडकीतला माणूस म्हणाला, माझ्याकडे न बघता.
धुळ्याच्या त्या ऑफिसात कुलरचं तोंड आत असतं
आणि पाठ आमच्याकडे.
मे महिन्यात बाकड्यावर बसून
मी चार तास ती पाठच बघितली.

नर्सिंगला नंबर लागलाय,
पडताळणी तेवढी राहिली.

मी पारधी आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
कुणाच्या विहिरीवरची मोटार गेली
की पहिलं आमचंच दार वाजतं.
गेल्या महिन्यात काकाला नेलं तेव्हा
कुणी वैधता मागितली नव्हती.

शाळेचा दाखला? आजोबा शाळेत गेलेच नाहीत.
सातबारा? जमीन लागते त्याला.
जन्माची नोंद?
आधारवाल्यांनी वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना
एकच तारीख वाटली, एक जून.
आमच्याकडे त्या दिवशी बावीस जण जन्मतात
आणि संध्याकाळी चूल रोजच्यासारखीच पेटते.

एका रिटायर हवालदारानं सांगितलं,
'चौकीमा देख व. तुमनं समदं तठेच शे.'

तिथं होतं.
लाल फडक्यात बांधलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या,
अक्षर मोडी.
अमळनेरला दुसाने सर मोडी वाचतात,
ओळीमागे पन्नास रुपये.
त्यांनी भिंग धरलं:

भुरासिंग वल्द जालम, पारधी.
रात्री नऊ, हजर. पहाटे तीन, हजर.
रात्री नऊ, हजर. पहाटे तीन, हजर.

दोन पानं उलटून सर थांबले.
पुढे सगळं हेच आहे बाई, म्हणाले,
याचे पैसे नकोत.

सहा वर्षं.
चोरी एकही नाही, मी शोधली.
नुसता एक माणूस, रोज मध्यरात्र मोडून
चार मैल चालत आलेला,
मी इथेच आहे, मी काही केलं नाही,
हे सांगायला.
शाळेनं त्याला लिहिलं नाही, तलाठ्यानं नाही,
दवाखान्यानं तर नाहीच.
लिहिलं ते यांनी. आणि किती नीट,
एक रात्र न चुकवता.

खिडकीतला माणूस पहिल्यांदा हसला.
वा, जात अगदी ठळक आहे,
असा भक्कम पुरावा हल्ली मिळत नाही, म्हणाला
आणि 'खरी प्रत' असा शिक्का
माझ्या पणजोबावर मारला.

एक ओळ मात्र मी सरांकडून पैसे देऊन वाचून घेतली होती.
सतरा जानेवारी सेहेचाळीस.
रात्री नऊ, गैरहजर. पहाटे तीन, गैरहजर.
शेरा: समज दिली.

ती समज आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.
पणजोबाच्या डाव्या हाताची तीन बोटं
त्यानंतर कधी मिटली नाहीत.
आजोबा लहानपणी ती बोटं धरून चालायचे,
आणि आई त्यांना सांगायची,
तू जन्मला ना, त्या रात्रीची ही.

मी आधार केंद्रावर गेले,
म्हटलं, तारीख सापडली, दुरुस्त करा.
पोरगा चांगला होता, त्यानं कागद पूर्ण वाचला.
ताई, म्हणाला, हा तर गैरहजेरीचा आहे,
जन्माचा कुठे?

रात्री आजोबांना सांगितलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग हळूच, जणू कुणाचं तरी चोरून ऐकल्यासारखं,
'म्हंजे मी हिवायाना शे.'

तेवढ्यात रस्त्यावरून जीप गेली.
ते उठले,
दाराबाहेर जाऊन उभे राहिले,
दोन्ही हात दिसतील असे.